गावित मायलेकींचं प्रकरण: कोर्टात काय टिकलं आणि आपल्या कानावर काय आलं

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांच्यावरची कुठली ना कुठली रील दर काही महिन्यांनी फिरायला लागते आणि दर खेपेला आकडा वाढलेला असतो. सध्याच्या रीलमध्ये '४२ मुलं मारली' असं ठोकून दिलंय. आणखी एकीत तर दोघी बहिणींना फाशी होऊनसुद्धा गेलीय. खाली आपलीच माणसं 'होय होय, आमच्या आजीनं सांगितलंय' म्हणून दुजोरा देतायत.

हा खटला आपल्या गावच्या कोर्टात चालला. फाशी इथंच सुनावली गेली. त्या काळात ज्यांची पोरं लहान होती ते आईबाप अजून आपल्यात आहेत. त्यामुळं खरं काय ते कोल्हापूरकरांनीच नीट मांडावं असं मला मनापासून वाटतं. मुलं नेमकी किती? फाशी का झाली नाही? आणि सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न म्हणजे, १९९० ते १९९६ अशी सहा वर्षं लेकरं नाहीशी होत होती, तरी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

एक विनंती. लेकरांना कसं मारलं याची वर्णनं इथं नकोत.

मंगळवारपेठ_तालीम
९६ ला मी चौथीत होतो. नोव्हेंबरात त्या सापडल्या आणि पेपरात रोज तेच. आमच्या गल्लीत दिवेलागणीनंतर एक पोरगं बाहेर दिसायचं नाही. आई बाजाराला निघाली की माझं मनगट असं धरायची की बोटं उमटायची. महाद्वार रोडवर बांगड्या भरताना तिचे दोन्ही हात गुंतायचे, मग पदराचं टोक माझ्या मुठीत द्यायची आणि 'सोडलास तर बघ' म्हणायची. जेवत नाही म्हटलं की 'अंजनाबाई येईल'. आमच्या पिढीला बागुलबुवा कुणी दाखवलाच नाही, हीच दाखवली.

शाहूपुरी_शेवटची_गल्ली
अगदी अगदी. आमच्याकडं त्यांना 'ष्टँडावरच्या बायका' म्हणायचे. ष्टँडावर कुणी अनोळखी बाईनं गोळी दिली तरी घ्यायची नाही, ही सक्त ताकीद.

आजऱ्याचा_वकील
पंचगंगाकाठ, चांगला धागा काढलात. निकाल वाचलेला आहे, म्हणून सांगतो.

आरोप होता १३ मुलांच्या अपहरणाचा आणि त्यातल्या ९ जणांच्या खुनाचा. आरोपी मायलेकी. रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई निकालाच्या आधीच कोठडीत वारली, म्हणजे तिला शिक्षा अशी झालीच नाही. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं जून २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं सप्टेंबर २००४ मध्ये ती कायम केली आणि ३१ ऑगस्ट २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं. शेवटपर्यंत टिकले ते पाच मुलांचे खून.

पाच. ४२ नाही, ४३ नाही. पाच हा आकडा कमी वाटत असेल तर एकेक लेकरू डोळ्यांसमोर आणावं.

उजळाईवाडी_रनवे
वकीलसाहेब, धन्यवाद. पण मग तो चाळिसाचा आकडा आला कुठून?

आजऱ्याचा_वकील
त्याला कोर्टाच्या कागदात आधार नाही. आरोपपत्रातसुद्धा नऊच्या वर खून नाहीत.

रंकाळा_चौपाटी
मी इथं थोडी वेगळी बाजू मांडते. कोर्टात पाच सिद्ध झाले म्हणजे पाचच झाले, असं कसं म्हणायचं? ती मुलं कुणाची होती बघा. देवळाबाहेर, ष्टँडावर, फुटपाथवर झोपणाऱ्या माणसांची. अशी बाई चौकीत गेली आणि 'माझं लेकरू सापडत नाही' म्हणाली, तर त्या काळात तिचं कोण ऐकून घेत होतं? तक्रारच नसेल तर आरोपपत्रात नाव कुठून येणार? रीलवाले आकडा फेकतात हे चूकच आहे. पण 'एवढेच' असं ठामपणे आपणही म्हणू नये.

आजऱ्याचा_वकील
ताई, मान्य. 'एवढेच झाले' असं मी म्हणत नाही, 'एवढे सिद्ध झाले' म्हणतोय. जे नोंदलंच गेलं नाही त्याची हळहळ मलाही आहे. पण त्या रिकाम्या जागेत मनाला येईल तो आकडा भरला, तर ज्या मुलांचा तपास झाला, ज्यांच्यासाठी साक्षी उभ्या राहिल्या, त्यांचंही सगळं गोष्टीच्या पातळीवर येतं. लोक म्हणायला लागतात की हे सगळंच वाढवून सांगितलेलं असणार.

कागलकर_पाटील
पण मुलं उचलायची कशाला? पैसे तर मागितले नाहीत कुणाकडं. हे मला कधीच कळलं नाही.

निवृत्त_गुरुजी_गारगोटी
पाटील, त्यांचा मूळ धंदा चोरीचा. यात्रा, देवळं, ष्टँड, जिथं गर्दी तिथं पाकीट आणि दागिने मारायचे. कडेवर मूल असलेल्या बाईवर कुणी संशय घेत नाही, आणि सापडलीच तरी लोक 'जाऊ दे, लेकुरवाळी आहे' म्हणून सोडून देतात. हा सगळा हिशोब त्यावर बेतलेला. पहिलं मूल कोल्हापुरातलंच, एका भीक मागणाऱ्या बाईचं. चोरी करताना सीमा पकडली गेली तेव्हा अंजनाबाईनं कडेवरचं ते पोर जमिनीवर आपटलं. त्याला लागलं, रक्त आलं, जमाव चोरी विसरून पोराकडं धावला. मूल रडायला लागलं, ओझं झालं, की त्याचं काम संपलं. याच्या पुढचं लिहीत नाही.

कोल्हापूर, पुणे, नाशिक, ठाणे, मुंबई अशा त्या फिरत राहायच्या. एका ठिकाणचं मूल उचलायचं, दुसऱ्याच जिल्ह्यात नेऊन वापरायचं. पंचगंगाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. या ठाण्याला त्या ठाण्याचं माहीतच नाही. ना संगणक, ना सगळीकडचे फोटो एकत्र.

कागलकर_पाटील
गुरुजी, वाचून पोटात खड्डा पडला. माझी नात दीड वर्षाची आहे.

शाहूपुरी_शेवटची_गल्ली
मग सापडल्या कशा?

निवृत्त_गुरुजी_गारगोटी
अंजनाबाईच्या नवऱ्यानं तिला सोडून दुसरं लग्न केलं होतं. त्या दुसऱ्या बायकोची मुलगी यांनी नाशिककडून पळवली. या आईला संशय कुणाचा ते सांगता आलं, तिनं नाव घेऊन तक्रार केली आणि पोलीस माग काढत गेले. फुटपाथवरच्या आईला नाव घ्यायला कुणी नव्हतं. एवढाच फरक.

वैशाली_राजारामपुरी
आणि रेणुकाचा तो नवरा, किरण? सगळं डोळ्यांदेखत होऊन तो माफीचा साक्षीदार! चोरीच्या पैशावर तोही जेवत होताच की. मला हे आजही पचत नाही.

आजऱ्याचा_वकील
ताई, पचण्यासारखं नाहीच. पण खटल्याची अडचण समजून घ्या. मारली गेलेली बहुतेक मुलं अगदी लहान होती. घटना वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वर्षावर्षाच्या अंतरानं. आतला माणूस बोलला नसता तर साखळी जुळवणं फार कठीण होतं. सरकारी बाजू उज्ज्वल निकम यांनी मांडली, आणि किरण शिंदेच्या साक्षीला इतर पुराव्यांचा आधार मिळाला म्हणून शिक्षा वरपर्यंत टिकली. नुसत्या माफीच्या साक्षीदारावर कोर्ट विसंबत नाही.

उपनगरचा_सुभाष
आता फाशीचं सांगा कुणीतरी. सर्वोच्च न्यायालयानं २००६ ला कायम केली, मग अडलं कुठं?

आजऱ्याचा_वकील
सरकारी टेबलांवर अडलं.

दोघींनी दयेचे अर्ज केले. आधी राज्यपाल, मग राष्ट्रपती. राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी जुलै २०१४ मध्ये ते फेटाळले. पण तोवर जवळपास आठ वर्षं गेली होती. त्याच वर्षाच्या जानेवारीत, शत्रुघ्न चौहान खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की दयेच्या अर्जावर विनाकारण, अवाजवी उशीर झाला तर फाशीची जन्मठेप होऊ शकते. त्याचाच आधार घेऊन बहिणी उच्च न्यायालयात गेल्या, फाशी थांबली, आणि १८ जानेवारी २०२२ ला न्या. नितीन जामदार आणि न्या. सारंग कोतवाल यांच्या खंडपीठानं जन्मठेप दिली.

निकालात दोन्ही गोष्टी आहेत, हे लक्षात घ्या. गुन्हा अत्यंत घृणास्पद आहे हे कोर्टानं स्वच्छ म्हटलं. आणि फाईल इलेक्ट्रॉनिक मार्गानं पाठवायची सोय असताना सरकारी अधिकाऱ्यांच्या ढिलाईमुळं सात वर्षं दहा महिने गेले, हेही म्हटलं. 'पंचवीस वर्षं आत आहोत, आता सोडा' ही मागणी मात्र फेटाळली. म्हणजे रीलमधली फाशीही खोटी, आणि 'कोर्टानं सोडून दिलं' असं जे काही जण म्हणतात तेही खोटं.

वैशाली_राजारामपुरी
फाईल सरकारनं अडवली, मग फायदा मारणाऱ्यांना का? लेकरांच्या आयांनी कुणाचं घोडं मारलं होतं?

रंकाळा_चौपाटी
वैशाली, राग समजतो. पण रोज 'आज की उद्या' म्हणत आठ वर्षं कोठडीत ठेवणं ही सुनावलेल्या शिक्षेवरची आणखी एक शिक्षा होते, हे तत्त्व उद्या एखाद्या वेगळ्या कैद्यालाही लागू होणार आहे. माणूस कितीही वाईट असो, कायदा एकच.

वैशाली_राजारामपुरी
तत्त्व मला कळतं गं. पण त्या टेबलावरच्या एका तरी माणसाला कुणी विचारलं का, 'बाबा, तू फाईल का दाबून ठेवलीस?' त्याची पेन्शन चालू असेल. माझा राग त्याच्यावर आहे.

रंकाळा_चौपाटी
या वाक्याला माझी सही.

सदाशिवपेठ_व्हाया_इचलकरंजी
तुलनेसाठी पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण घ्या. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ मध्ये दहा खून. त्यातही टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झालीसुद्धा. पहिल्या खुनापासून आठ वर्षांच्या आत सगळं संपलं. तेव्हा ईमेल नव्हता.

उजळाईवाडी_रनवे
आणि रामन राघव? १९६८ ला मुंबईत सापडला, त्याची फाशी मात्र रद्द झाली, मानसिक आजार निघाला म्हणून. आमचे आजोबा तेव्हा लालबागला गिरणीत होते, रात्रपाळी सुटली तरी लोक उजाडेपर्यंत घरी निघायचे नाहीत म्हणे. मानवतचं प्रकरण तर अजून...

व्यवस्थापक
मंडळी, मानवत, रामन राघव यांच्यासाठी वेगळा धागा काढा, आनंदानं वाचू. इथं कोल्हापूरवर राहू या.

हातकणंगले_एक्सप्रेस
कोल्हापूरवरच राहतो. अश्विनी बिद्रे. आमच्या तालुक्यातल्या आळत्याची लेक. स्वतः पोलीस अधिकारी. एप्रिल २०१६ ला बेपत्ता झाली आणि अपहरणाचा गुन्हा नोंदवायला २०१७ उजाडलं. आरोपी तिच्याच खात्यातला वरिष्ठ, अभय कुरुंदकर. जन्मठेप झाली एप्रिल २०२५ मध्ये. मधली नऊ वर्षं घरच्यांनी ज्या चिकाटीनं खेटे घातले ते आम्ही बघितलंय. गुरुजी म्हणाले की फुटपाथवरच्या आईचं कुणी ऐकलं नाही. इथं तर हरवलेली बाई खात्यातली होती, तरी ही गत.

निवृत्त_गुरुजी_गारगोटी
खरंय. पण मुलांच्या बाबतीत कायदा आता बदललाय, हे लोकांना माहीत पाहिजे. मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलंय असं धरून लगेच गुन्हा नोंदवायचा. '२४ तास वाट बघा, येईल खेळून' हे कुणी म्हणत असेल तर ते चालत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ आहे, ११२ आहे. १९९० साली यातलं काही असतं तर कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या मुलापाशीच माग लागला असता.

मंगळवारपेठ_तालीम
गुरुजींच्या बोलण्यावरून जोतिबाची यात्रा आठवली. चैत्रात डोंगरावर एवढी माणसं, गुलालानं सगळी पोरं एकाच रंगाची! आई माझ्या चड्डीच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी घालायची. एकदा धाकटा भाऊ चुकला आणि पुकाऱ्याच्या मंडपात पोचला. त्यानं वडिलांचं नाव सांगितलं 'पप्पा' आणि गाव सांगितलं 'आमचं घर'. भोंग्यावरनं तसंच पुकारलं! 'आमचं घर इथले पप्पा यांनी ताबडतोब मंडपाकडं यावं.' आठ-दहा बाप धावले की हो!

शाहूपुरी_शेवटची_गल्ली
हाहाहा! आणि त्यातला खरा कितवा?

मंगळवारपेठ_तालीम
आमचा बाप शेवटी पोचला, नारळ फोडत होता.

कागलकर_पाटील
भावा, हसून डोळ्यांत पाणी आलं. चिठ्ठीची कल्पना लई भारी. नातीच्या फ्रॉकला आजच शिवून घेतो, फोन नंबर घालून.

पालावरचा_सुनील
बराच वेळ वाचतोय, आता लिहितो. मी डवरी गोसावी समाजातला. आमची माणसं आजही भिक्षेसाठी गावोगाव फिरतात. रील बघून तुमच्या मनात काय येतं ते तुम्ही लिहिलंत. आमच्या मनात काय येतं ते सांगतो.

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. आमच्या समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागायला गेले होते. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज त्या भागात फिरत होते. लोकांनी त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाचही गेले. त्यांनी कुठलंच मूल पळवलेलं नव्हतं. त्या वर्षी देशभर जो व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून पोराला उचलून नेणारा, तो कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा कापलेला तुकडा होता.

त्या आठवड्यात माझे चुलते कर्नाटक सीमेवर होते. घरातून फोन गेला, 'झोळी टाका आणि ष्टीनं सरळ घरी या.' झोळी टाकायला सांगताना आजी रडत होती, कारण आमच्यात झोळी अशी कुठंही टाकत नाहीत.

गावित प्रकरण खरं आहे. ती लेकरं खरी आहेत. पण '४२ मुलं' म्हणून जो भडका उडवला जातो, त्याची झळ फाटक्या कपड्यातल्या, अनोळखी बोलीच्या माणसाला लागते. वाहनवाल्या, इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाला कोण अडवतंय?

रंकाळा_चौपाटी
सुनीलदादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. त्या मुलांचे आईबापही फाटक्या कपड्यातलेच होते, आणि अफवेत मारली जातात तीही तशीच माणसं. हे दोन्ही एकत्र कधी कुणी मांडलेलं वाचलं नव्हतं.

आजऱ्याचा_वकील
सुनील, १९९६ च्या बातम्यांनंतर भंगार वेचणाऱ्या, भीक मागणाऱ्या बायकांना लोक धरून पोलिसांत द्यायचे, हे मी तालुक्याला बघितलंय. तुमचं म्हणणं शब्दाशब्दाला पटतं.

उपनगरचा_सुभाष
जरा वेगळं बोलतो, रागावू नका. भीती थोडी राहिलीच पाहिजे. आमच्या पिढीतल्या आया घाबरल्या म्हणून आम्ही सुखरूप राहिलो. आता आईबाप मॉलमध्ये मोबाइलात आणि पोरगं सरकत्या जिन्यावर.

वैशाली_राजारामपुरी
सुभाषदादा, पोरावर नजर ठेवा हे बरोबर. अनोळखी माणसावर हात टाका हे चूक. नजर स्वतःच्या लेकरावर ठेवायची, एवढंच तर म्हणणं आहे.

उपनगरचा_सुभाष
ते मान्य आहे ताई.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. तिसऱ्याचं गुरुजींनी आणि रंकाळा_चौपाटी यांनी दिलं, आणि ते ऐकायला सगळ्यात जड आहे. लक्षात आलं नाही असं नव्हतं. त्या त्या आईच्या लक्षात आलंच होतं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, आपण सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, पेढे वाटले. पण अशा आईला त्या इमारतीपर्यंत पोचायला आधी चौकीतल्या एका माणसानं तिची तक्रार लिहून घ्यावी लागते.

उजळाईवाडी_रनवे
मंडळी, योगायोग बघा. आत्ता आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला. 'सावधान, कोल्हापुरात मुलं पळवणाऱ्या बायकांची टोळी शिरली आहे, गावित बहिणींसारखी, दिसल्या की चोप द्या.' खाली तीन बायकांचा फोटो, कडेवर मूल. काय लिहू?

पालावरचा_सुनील
फोटो पुढं पाठवू नका. विचारा: कुठल्या ठाण्यात गुन्हा दाखल आहे? कधीचा? फोटो कुणी काढला? आणि 'चोप द्या' हे वाक्य आधी काढायला लावा.

आजऱ्याचा_वकील
ग्रुपच्या ॲडमिनला फोन करा, मेसेज नको. आणि जवळच्या पोलीस ठाण्याला तो मेसेज दाखवा, अफवेची दखल ते घेतात. त्या बायकांचा फोटो कुणी ओळखला तर आजच त्यांच्या जिवावर बेतेल.

उजळाईवाडी_रनवे
ॲडमिनशी बोललो. मेसेज काढलाय. ज्यानं टाकला होता त्याला विचारलं तर म्हणाला, बेळगावच्या मेव्हण्याकडून आला. मेव्हण्याला फोन लावायला सांगितलाय. पोलीस ठाण्यातही कळवलंय, त्यांच्याकडं अशी कुठलीच तक्रार नाही.

पालावरचा_सुनील
मेव्हण्याचं काय झालं ते इथं जरूर लिहा.